सोडलेल्या श्वासाचा फोटो

प्रिय गायत्री,

‘प्रिय’ वाचून तू आधी शेवटचं पान उलटून सही कुणाची ते बघितलं असशील. बरोबर केलंस. माझ्या भावाशी तुझं लग्न होऊन आठ वर्षं झाली. एवढ्या काळात मी तुला ‘अगं’, ‘ए बाई’, ‘आमची भावजय’ अशा हाका मारल्या, आणि गेल्या तीन महिन्यांत आणखी एक नाव ठेवलं, त्याच्याकडे मी येणारच आहे. ‘प्रिय’ची सवय नाही, त्यामुळे तो शब्द नव्या चपलेसारखा करकरतोय. चालवून घे. अक्षर वेडंवाकडं आलंय, त्याचं कारण शेवटी सांगते. फाडायचं असेल तर हे पत्र खुशाल फाड, पण पूर्ण वाचून फाड. कापड फाडण्याआधी माप घेतात, एवढं सुरतेत राहून तुलाही कळतं.

पुढे वाचण्याआधी एक काम कर. मयुरी जवळ असेल तर तिला पाठमोरी बसव, फ्रॉक वर कर आणि पाठीला कान लाव. आधी डावीकडे, मग उजवीकडे. हे तू पूर्वीही केलं होतंस आणि मी त्यावर हसले होते. आज मी सांगतेय म्हणून कर. ऐकून झालं की पुढे वाच.

सोमवारपासून तुला एकोणीस फोन केले. तू उचलत नाहीस ते ठीकच आहे, मी तुझ्या जागी असते तर नंबरच बदलला असता. दोन वेळा शांताबाईंनी उचलला आणि ‘गायत्री शेतात गेली’ एवढं बोलून ठेवून दिला. तुझ्या आईला खोटं बोलायची सवय नाही गं, दुसऱ्या वेळी तर मागून तुझाच आवाज येत होता, ‘सांग नाहीये म्हणून.’ योगेंद्रला म्हटलं, तू लाव, नवऱ्याचा तरी उचलेल. तो म्हणाला, ‘ताई, तू आणि ती, तुमचं तुम्ही बघा.’ तुझा नवरा म्हणजे आमच्या घरचा टेबलफॅन. दोन्हीकडे मान फिरवतो, आवाज करतो, गारवा कुणालाच लागत नाही. इच्छापोरला कंत्राटी काम, सकाळी सातला कंपनीची बस, संध्याकाळी आला की मोबाइलमध्ये मयुरीचे जुने व्हिडिओ बघत बसतो. उत्तरायणाला गच्चीवर गेला, फिरकी धरायला मयुरी नाही म्हणून पतंग न उडवताच खाली आला. आईने विचारलं तर म्हणाला, वारा नव्हता. सगळ्या गोडादऱ्याच्या पतंगांना वारा होता, ह्याच्याच पतंगाला नव्हता.

तुझ्या लग्नात मी काय बोलले होते ते तुला आठवतंय, मला माहीत आहे. तुमच्या घरासमोर पिठाची गिरणी. वरात दारात उभी, गिरणीवाल्याने तेवढ्यात पट्टा चालू केला, आणि नवरदेवाच्या काळ्या कोटावर ज्वारीचं पीठ बसलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘चला, हुंडा नको म्हणालो होतो, पण पीठ दिलंच यांनी.’ लोक हसले. तुझे वडील रघुनाथकाका हसले नाहीत, फडकं घेऊन कोट पुसायला लागले. तेव्हाच मला कळायला हवं होतं की माझी जीभ माझ्याआधी घरात शिरते आणि माझ्यानंतर बाहेर पडते. पण लोक हसले की माणसाला वाटतं, आपण खरंच बोललो.

तुझी अहिराणी मला खटकायची, हेही सांगून टाकते. खोटं वाटेल, कारण मीही त्याच मातीतली. पण तेवीस वर्षं एक्स-रे सेंटरमध्ये पांढरा कोट घालून ‘श्वास घ्या, श्वास रोखा’ म्हणत आले, त्यातून कुठेतरी असं वाटायला लागलं की मी शुद्ध झाले. मयुरी बोलायला लागली तेव्हा फर्मान मीच काढलं होतं, पोरीशी शुद्ध मराठीत बोलायचं. तू मान हलवलीस आणि घरात अहिराणीच बोलत राहिलीस. शाळेत गुजराती, गल्लीत हिंदी, घरात अहिराणी, आणि रविवारी आत्या आली की अर्धा तास शुद्ध मराठी. पोरगी माझ्याशी बोलताना नेहमी थोडी थांबून बोलायची. मला वाटायचं, आदर आहे. ती बिचारी मनात शब्द शोधत असायची.

आता त्या दिवसाकडे येते. नवरात्र संपून दिवाळीचा माल सुटला होता. तुमच्या खोलीत पलंगावर साड्यांचा ढीग, तू काठांवर मणी चिकटवत होतीस. पारदर्शक प्लॅस्टिकचे, तुरीच्या डाळीएवढे. मयुरीने एक तोंडात घातला. तू बोट घालेपर्यंत तिला ठसका लागला, चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी, मग अचानक खोकला थांबला आणि ती खेळायला लागली. तू पळत आमच्या गल्लीत माझ्या घरी आलीस, चप्पलही एकाच पायात. ‘ताई, मणी आत गेला. पोटात नाही, छातीत गेला. मला दिसलं.’ मी काय म्हटलं? ‘छातीत गेलेला तुला दिसला? तुझे डोळे एक्स-रे आहेत का? मग मला कशाला पगार देतात?’ आई म्हणाली, गिळला असेल, सकाळी बाहेर येईल. सकाळी आला नाही. तिसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला. चौथ्या दिवशी मीच तुला म्हटलं, चल, सेंटरला आण, एकदाचा संशय काढून टाकू. ‘संशय काढू’ म्हटलं मी, बघ. मणी शोधू म्हटलं नाही.

आता तुला नीट सांगते, त्या वेळी सांगितलं नव्हतं. तू विचारलं होतंस, ‘एकाच छातीचे दोन फोटो कशाला?’ आणि मी म्हटलं होतं, ‘एक फ्रेम करायला.’ खरं उत्तर असं. प्लॅस्टिक एक्स-रेत दिसत नाही. हाड दिसतं, नाणं दिसतं, प्लॅस्टिकचा मणी काचेतून दिसणाऱ्या काचेसारखा. त्यामुळे मणी शोधायचा नसतो, मण्याने केलेली चोरी शोधायची असते. सायकलच्या पंपाला वॉल्व असतो ना, हवा आत जाऊ देतो, परत येऊ देत नाही? श्वासनळीत अडकलेला मणी बरेचदा तसाच वागतो. श्वास घेताना नळी जरा रुंदावते, हवा मण्याच्या बाजूने आत जाते. सोडताना नळी आवळते, मणी बूच होतो, हवा आतच. म्हणून पहिला फोटो छाती भरून घेतल्यावर काढायचा, त्यात दोन्ही फुप्फुसं फुगलेली, काळीभोर, एकसारखी दिसू शकतात. दुसरा श्वास पूर्ण सोडल्यावर. तेव्हा चांगलं फुप्फुस आक्रसतं, फोटोत पांढरट होतं, आणि ज्या बाजूला मणी बसलाय ती बाजू तशीच फुगलेली, काळी राहते. म्हणजे सगळी भानगड दुसऱ्या फोटोत. आपल्याकडे कौतुक मात्र छाती फुगवण्याचंच. आमच्या सेंटरच्या पाटीवरसुद्धा एक कुटुंब छाती फुगवून हसतंय, खाली लिहिलंय, रिपोर्ट तीस मिनिटांत. सोडलेल्या श्वासाची पाटी कुणी रंगवत नाही.

दुसरा फोटो मी काढला. तू आतल्या काचेमागे शिशाचा ॲप्रन घालून उभी होतीस, तो तुझ्या गुडघ्यापर्यंत आला होता आणि मी त्यावरही काहीतरी बोलले होते. मयुरीला एक्स-रेच्या प्लेटसमोर उभी केली. मी म्हटलं, ‘मयुरी, या दांड्या घट्ट धर. छान. आता मोठा श्वास घे. धर.’ पहिला फोटो. मग म्हटलं, ‘आता सोड. पूर्ण सोड. सोडलास? शाब्बास.’ दुसरा फोटो. त्यावर मी शिक्का टाकला, ‘श्वास सोडून’. फोटो गेला दुसऱ्या शहरात बसलेल्या डॉक्टरांकडे, ते दिवसाला किती छात्या वाचतात ते त्यांनाच माहीत. अर्ध्या तासात उत्तर आलं, दोन्ही बाजू सारख्या, हवा अडकलेली नाही. त्यांनीही बघायला हवं होतं, पण ते त्यांचं त्यांच्यापाशी. शिक्का माझा होता.

मग मी तो रिपोर्ट वरमाईने मानपान मिरवावा तसा मिरवला. आईसमोर, योगेंद्रसमोर, खालच्या मजल्यावरच्या प्रमिलाबाई-सुभद्राबाईंसमोर. बालरोगवाल्यांनी रिपोर्ट बघून पंप लिहून दिला, बालदमा म्हणाले, गोडादऱ्यातल्या लूमची रुई, धूळ. तू तरीही म्हणत राहिलीस, ‘ताई, उजव्या बाजूलाच शिट्टी वाजते, डावीकडे नाही. दमा असता तर दोन्हीकडे वाजली नसती का?’ आठ वर्षांत तू एवढा शहाणा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला होतास, किंवा मी पहिल्यांदा ऐकला होता. आणि मी हसत म्हटलं, ‘हिला प्रत्येक खोकल्यात मणी ऐकू येतो. मणीवाली झालीय आमची गायत्री.’

मणीवाली. चांगलं नाव ठेवायला मला फार वेळ लागत नाही. दोन दिवसांत जिन्यात, नळावर, दुकानात, सगळीकडे पोचलं. आई रागावली की म्हणायची, ‘त्या मणीवालीले सांग, भाकर टाक.’ भाजीवालीने विचारलं, ‘क्यूं मणीवाली भाभी, आज क्या?’ तू तेव्हा भेंडी परत टोपलीत ठेवून निघून आलीस. मी तुमच्या गॅलरीतून बघितलं होतं. आठव्या दिवशी तू मयुरीला घेऊन माहेरी गेलीस, कारण दिलंस हवापालट. सगळ्यांनी मान्य केलं, कारण सगळ्यांना खरं कारण माहीत होतं.

आता या सोमवारचं सांगते. आपल्या त्याच सुभद्राबाई त्यांच्या नातीला घेऊन सेंटरला आल्या. पोर पाच वर्षांची, तापाने मलूल. मी नेहमीसारखं म्हटलं, दांडी धर, श्वास घे, धर, आता सोड. पोरीने हात सोडले आणि छाती फुगवून, गाल फुगवून, डोळे वटारून उभी राहिली. सुभद्राबाई मागून खदखदून हसल्या. ‘अवं माय, पोरले काय सोडाले सांगस? दांडी का दम?’

गायत्री, दांडी का दम. मी तिथेच उभी राहिले. सुभद्राबाईंनी विचारलं, ‘काय झालं वं बाई, भूत दिसनं का?’ दिसलंच होतं. त्यांच्या नातीला ‘फू कर, मेणबत्ती विझव’ म्हटलं, तिने मस्त फुंकर मारली, फोटो झाला. ती युक्ती मला वीस वर्षांपासून येते. गुजराती पोरं, ओडिया पोरं, बिहारी पोरं, सगळ्यांना मी फुंकर मारायला लावते. आधी आईला विचारते, घरात काय बोलता? एका पोरीला तेवढं विचारलं नाही, कारण ती आमच्याच घरची होती आणि तिला शुद्ध मराठी येते असं मीच ठरवलं होतं. तिच्या घरात श्वास कुणी घेतच नाही. घेतात तो दम, तोही जिना चढल्यावर. तिने दोन मिनिटांत दोनदा ‘धर’ ऐकलं, पहिला धर दांडीचा होता, म्हणून सोडही तिने दांडीच सोडली. आत्या शाब्बास म्हणाली, म्हणून तशीच छाती भरून उभी राहिली. शहाणी पोर. सांगितलेलं अगदी बरोबर केलं तिने.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी जुने फोटो उघडले. आमच्या मशीनमध्ये ते राहतात, कुणी बघत नाही एवढंच. दोन फोटो शेजारी ठेवले. छाती आणि पोटाच्या मध्ये स्नायूचा एक पडदा असतो, त्याच्या वर किती बरगड्या दिसतात ते मोजलं. पहिल्या फोटोत नऊ. दुसऱ्यातही नऊ. श्वास सोडला असता तर पडदा वर सरकला असता, सात-आठच दिसल्या असत्या. आणि खांद्याची पाती बघ. दांड्या धरल्या की हात पुढे जातात आणि ती पाती बाजूला होतात. पहिल्या फोटोत ती बाहेर आहेत. दुसऱ्यात दोन्ही आत, फुप्फुसांवर पडदे ओढल्यासारखी. कारण हात सोडलेले होते. म्हणजे पुरावा फोटोतच होता, तीन महिने, माझ्याच शिक्क्याखाली. श्वास सोडलेला फोटो मयुरीचा कधी निघालाच नाही. जो तपास झाला म्हणून मी तुला वेड्यात काढलं, तो तपास झालेलाच नाही.

मी लगेच मालकांकडे गेले. ते म्हणाले, ‘जवा दो ने बेन, जूनी फाइल कोण उघाडे छे?’ मी म्हटलं, जाऊ कशी देऊ, मी उघडली आहे. म्हणाले, घरचीच पोरगी आहे, परत आणा, फुकट काढून देतो, लिहायची काय गरज? मी म्हटलं, घरची आहे म्हणूनच लिहायचं. दोन तास आमचं हे चाललं. चहा दोनदा आला, दोन्ही वेळा गार झाला. शेवटी त्यांच्याच लेटरहेडवर लिहून घेतलं की अमुक तारखेचा दुसरा फोटो श्वास सोडलेला नव्हता, आधीचा रिपोर्ट धरू नये. खाली माझी सही. नोकरीचं काय होईल ते होईल. तेवीस वर्षं लोकांना ‘हलू नका’ सांगत आले, आता जरा मी हलते.

मंगळवारी तो कागद आणि दोन्ही फोटो घेऊन ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या छातीच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी फोटो बघितले, विचारलं, ‘दुसरा कुणी काढला?’ मी म्हटलं, मी. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं. ठसका कसा लागला, मग किती वेळ शांत होती, शिट्टी कुठल्या बाजूला. मी तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्या म्हणाल्या, ‘आईने सगळं बरोबर सांगितलं होतं. अशा वेळी आईचं ऐकायचं असतं, फोटो नंतर.’ हे वाक्य मी वहीत लिहून घेतलंय, जसंच्या तसं.

त्या काय करणार ते सांगते, म्हणजे तुला तिथे काही नवीन वाटणार नाही. आधी मयुरीला कुशीवर झोपवून फोटो. तिला काही समजावं लागत नाही, श्वास घे नाही, सोड नाही. ज्या कुशीवर माणूस झोपतं ती बाजू वजनाने दबते आणि फोटोत पांढरट होते. उजव्या कुशीवर झोपवूनही उजवं फुप्फुस काळंच राहिलं, तर आत हवा कोंडलेली आहे. मग पडद्यावर हलता एक्स-रे, काही सेकंदांचा. त्यात छातीखालचा पडदा दोन्हीकडे वरखाली होताना दिसतो, एक बाजू अडली असेल तर ती तिथेच थबकलेली दिसते. ते दिसलं तर भूल देऊन बारीक दुर्बीण नळीत घालून मणी काढायचा. काढणाऱ्यांचा हात रोजचा आहे, मी चौकशी केली आहे. आणि मणी नसेलही, गायत्री. मी डॉक्टर नाही, माझ्या डोळ्यांतही एक्स-रे नाही. मणी नसला तर मला जन्मभर हस, मी शेजारी बसून हसेन. पण बघितल्याशिवाय ‘नाही’ म्हणायचं काम मी एकदा केलंय, पुन्हा होणार नाही. तीन महिने झालेत. मणी तिथे असेल तर तो फुप्फुस सुजवतो, पू होतो, पुढे ते कायमचं खराब होऊ शकतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आठवडा थांबू नका. मी शनिवार सकाळी आठची वेळ घेतली आहे.

तोवर तिला शेंगदाणे, चणे, संक्रांतीचे लाडू काही देऊ नकोस. पाठीवर थापट्या नकोत, पळवू नकोस. अचानक धाप लागली, ओठ निळे दिसले, तर सुरतची वाट बघायची नाही, तडक धुळ्याचं मोठं हॉस्पिटल. गावातला कुणी वाफ दे, काढा दे म्हणाला तर माझं नाव सांग, माझ्याशी भांडायला कुणी येत नाही.

आईला मी बुधवारी सांगितलं. भाकरी थापत होती. आधी म्हणाली, कुणाला सांगू नको, लोक काय म्हणतील. तव्यावरची भाकरी करपली. मग म्हणाली, ‘ती खरं सांगे. आपलेच ऐकाले नही उनं.’ उठली, तुमच्या खोलीत गेली, पलंग ओढला, कपाट ओढलं, झाडू घेऊन कानाकोपऱ्यातून केर काढला. तिचे गुडघे तुला माहीत आहेत. तासाभराने बाहेर आली, पदरात सात मणी. म्हणाली, ‘डॉक्टरले दाखाड. यासारखाच व्हता.’ मी डॉक्टरबाईंना फोनवर विचारलं, तर त्या म्हणाल्या, जरूर आणा, तसाच नमुना हातात असला की काढायला कोणता चिमटा लागेल ते कळतं. आईने हे कुठून ओळखलं, देव जाणे. ते सात मणी गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घातले आहेत. आईकडून माफीचा शब्द येईल अशी वाट बघू नकोस, तिला तो येत नाही. जी येते ती ही डबी.

आता अक्षराचं. हे पत्र मी भुसावळच्या गाडीत लिहितेय, मांडीवर फोटोंचं पाकीट आणि त्यावर वही. बारडोलीला सुरुवात केली तेव्हा डब्यात मळीचा वास भरला होता, आता दोंडाईचा मागे पडलं. समोरचे गृहस्थ नंदुरबारपासून विचारताहेत, ‘ताई, परीक्षा आहे का?’ हो म्हटलं. तोंडाने बोलायला आले असते तर तिसऱ्या वाक्याला मी काहीतरी विनोद केला असता आणि तू दार लावून घेतलं असतंस, आणि बरोबर केलं असतंस. म्हणून लिहून आणलं. आणि दुसरं कारण, तेच खरं. नाव मी तोंडाने ठेवलं, ते तोंडाने परत घेतलं तर हवेत जाईल. हे सहीचं आहे. नळावर दाखव, जिन्यात दाखव, भाजीवालीला वाचून दाखव, आईसमोर मोठ्याने वाच: मणीवाली खरं बोलत होती, एक्स-रेवाली चुकली. अमळनेर स्टेशनवरून तुमच्या गावच्या उखाची जीप सांगून ठेवली आहे. हे पत्र तो तुझ्या हातात देईल, पाकिटात तुम्हा दोघींची आणि माझी अशी उद्याची तीन तिकिटं आहेत. मी तुमच्या दारासमोर, त्याच पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसलेली असेन. बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडणार नाही, पण तुम्हाला घेतल्याशिवाय ओटाही सोडणार नाही. बाहेर ये, मला जे बोलायचं ते बोल, गिरणी चालू असली तर मोठ्याने बोल. मी एका शब्दाचंही उत्तर देणार नाही, रघुनाथकाकांना साक्षीला बसव हवं तर. आणि बोलून झालं की मयुरीचं स्वेटर भर. गाडी सकाळी सातची आहे.

तुझीच,
पीठ अंगावर घेऊन बसलेली,
धनश्रीताई